पिचर हायस म्हणून बॅट खाली ठेवू नकोस

आमच्या परभणी साईडला शाळेची बेसबॉल टीम कशी बनते हे ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. स्पर्धा आठ दिवसांवर आली की पीटीचे सर वर्गात येतात, ज्याचा थ्रो बाउंड्रीवरून थेट किपरच्या हातात पडतो त्याला उठवतात आणि म्हणतात तू पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. झालं सिलेक्शन. त्याच दिवशी हे पण सांगून टाकतात की बॅटिंगला सगळ्यात शेवटी जा, उभा राहा, आउट हो, ये, हात सांभाळ. मला पण असंच सांगितलं होतं. दोन वर्षं मी नवव्या नंबरला नुसता उभा राहून आलो आणि तिसऱ्या वर्षी खांदा दुखायला लागला तेव्हा टीममध्ये माझं कामच उरलं नाही, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला ठेवलं राव. म्हणून हे लिहायलो. पिचिंग करणाऱ्या पोरानं बॅट कशी टिकवायची, जेवढं मला कळलं तेवढं.

आता पहिली गोष्ट, कोणाला बघून शिकायचं. सगळे ओहतानीचं नाव घ्यायलेत, अमेरिकेत पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा जपानचा खेळाडू, आणि बरोबरच हाय, २०२१ ला ४६ होमरन (आपल्या सिक्ससारखा, मैदानाबाहेर मारलेला फटका) आणि पिचर म्हणून ९ विजय एकाच सीझनमध्ये, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीविरुद्ध एकाच मॅचमध्ये ३ होमरन आणि वर १० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट), असलं काही माणसाला जमतं यावर आधी विश्वासच बसत नाही. पण ओहतानी रोज बॅटिंग करतो, ज्या दिवशी पिचिंग नाही त्या दिवशी पण डीएच म्हणून, म्हणजे पिचरच्या बदल्यात नुसती बॅटिंग करणारा. तुझं माझं तसं नसतंय. आपल्याला बॅट मिळते ती ज्या दिवशी आपण पिचिंग करतो त्याच दिवशी, तीन-चार चान्स, बस. म्हणून मी पोरांना वेस फेरेल या जुन्या पिचरचं उदाहरण सांगतो.

हा जन्मला १९०८ ला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचा, शेतकरी घरातला, भाऊच सात. क्लीव्हलँडकडून १९२९ ते १९३२ सलग चार वर्षं दर सीझनला वीसच्या वर मॅच जिंकून दिल्या, म्हणजे पिचर म्हणून एक नंबर. आणि बॅट? करिअरमध्ये ३८ होमरन, त्यातले ३७ पिचर म्हणून खेळताना, पिचर लोकांमध्ये हा रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर हाय. १९३१ च्या एका सीझनमध्ये ९. सरासरी ०.२८०, म्हणजे शंभर वेळा गेला तर अठ्ठावीस वेळा हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर), बेसबॉलमध्ये ही चांगल्या बॅटरची सरासरी झाली, पिचरची नाही. गंमत बघा, त्याचा मोठा भाऊ रिक फेरेल कॅचर होता, म्हणजे आपला किपर, १९८४ ला हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) गेला, त्याची सरासरी ०.२८१ आणि होमरन २८. म्हणजे रोज खेळणाऱ्या भावापेक्षा चार दिवसाआड खेळणाऱ्या पिचर भावाचे होमरन दहानं जास्त.

२९ एप्रिल १९३१ ला तर हे दोघं समोरासमोर होते. वेसनं सेंट लुईस ब्राउन्सला एकही हिट दिली नाही, नो-हिटर, आणि स्वतः एक होमरन, एक डबल (दोन बेसचा फटका) मारून चार रन आणले, मॅच ९-० नं जिंकली. ती नो-हिटर मोडायला सगळ्यात जवळ कोण आलं असेल तर समोरच्या टीममधला रिकच, त्याचा बॉल शॉर्टस्टॉपनं (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरनं) पकडला, थ्रो वाकडा गेला, स्कोररनं हिट न धरता एरर, म्हणजे फील्डरची चूक, दिली म्हणून वेस वाचला. घरी गेल्यावर काय बोलणं झालं असेल देव जाणे.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९३३ पर्यंत हाताचा त्रास सुरू झाला, जुना स्पीड गेला, तेव्हा क्लीव्हलँडनं त्याला काही मॅच आउटफिल्डला (लांबच्या फील्डिंगला) खेळवलं, कामून, तर बॅट होती. मग बोस्टनला गेला, तिथं स्पीड नाही तर डोकं लावून पिचिंग केली आणि १९३५ ला २५ मॅच जिंकल्या, बॅटिंग ०.३४७, होमरन ७. त्याच जुलैत एक दिवस टीममधल्याच पिचर लेफ्टी ग्रोव्हच्या जागी पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून आला आणि शेवटच्या इनिंगला होमरन मारून मॅच काढली, दुसऱ्या दिवशी स्वतः पिचिंग करत होता त्या मॅचमध्ये परत तेच. स्वभाव मात्र लै गरम, १९३६ ला मॅच चालू असताना मैदान सोडून निघून गेला, दंड बसला. ते नका शिकू.

बरं, आता कामाचं. मॅचच्या आधी मॅनेजर लोकांची मीटिंग असते तिथं सरांना एवढंच विचारायला लावा की डीएच हाय का नाही. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलच्या दोन लीग, त्यातल्या अमेरिकन लीगमध्ये हा १९७३ पासून हाय आणि नॅशनल लीगमध्ये कायमचा आला २०२२ ला, म्हणून तिकडं आता ओहतानी सोडला तर पिचर बॅट धरतच नाहीत. आपल्याकडं बारा-तेरा पोरं जमली तरी खूप, वेगळा डीएच आणायचा कुठून? आणि असला तरी एक लक्षात ठेवा, डीएच मधेच फील्डिंगला आला की डीएच संपतो, मग पिचरला बॅट घेऊन जावंच लागतं, तेव्हा सातव्या इनिंगला तुम्ही गारठलेले असता. २०२२ पासून मोठ्या लीगमध्ये असा पण नियम हाय की सुरुवातीचा पिचर स्वतःच स्वतःचा डीएच होऊ शकतो, पिचिंगमधून काढला तरी बॅटिंग चालू राहते. तुमच्या स्पर्धेत हे चालतं का ते विचारून घ्या, विचारायला पैसे लागत नाहीत.

आपली सगळी पोरं क्रिकेटमधून आलेली असतात, तिथंच पहिली अडचण. क्रिकेटची बॅट सव्वाचार इंच रुंद असते, बेसबॉलची गोल आणि जाडीला जास्तीत जास्त २.६१ इंच, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. वर पिचर ६० फूट ६ इंचावर, क्रिकेटचे स्टम्प ते स्टम्प ६६ फूट. टप्पा नाही. आपल्या डोळ्याला टप्प्याची वाट बघायची सवय, आणि तोपर्यंत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असतो. लेट कट आणि ग्लान्स विसरून जा, मागं गेला की फाउल, आणि पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात, तीन स्ट्राइक झाले की आउट. बॅट तळहातात घट्ट आवळू नका, बोटांत धरा. मागचा पाय रोवून कमर आधी फिरवा, हात त्याच्या मागून येतील, जसं कुऱ्हाड आडवी चालवताना नुसत्या मनगटानं लाकूड तुटत नाही तसंच. आणि मारल्यावर बॅट टाकून पळा. बॅट घेऊन पळणारी लै बघितलीत, क्रिकेटची सवय, जाता जात नाही.

पिचरचा एक फायदा कोणी सांगत नाही. समोरचा पिचर आता काय टाकणार हे तुम्हाला बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं, कारण ते काम तुम्ही स्वतः करता. काउंट तीन बॉल (न मारता सोडलेले, बाहेर पडलेले) एक स्ट्राइक असला की तुम्ही स्वतः काय टाकता? सरळ फास्टबॉल, मधोमध, कारण अजून एक असा बॉल पडला की वॉक, म्हणजे बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. मग समोरचा पण तेच टाकणार, शाळेच्या लेव्हलला तर शंभर टक्के, त्याच्याकडं टाकायचा दुसरा प्रकार असतोच कुठं. तिथं थांबा, त्याच एका बॉलची वाट बघा, बाहेरचे सोडा.

बंट, म्हणजे बॅट न फिरवता बॉलला नुसती लावून जवळ पाडणं, ती शिकायची, पण बोटं सांभाळून. उजव्या हाताचा बॅटर बंटसाठी वळला की उजवा हात बॅटवर वर सरकतो, आणि उजव्या हातानं पिचिंग करणाऱ्याचं तेच तर भांडवल. बॅटच्या पुढून बोटं गुंडाळली तर बॉल थेट बोटावर बसतो. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही बॅटच्या मागून चिमटीत, बाकीची मिटलेली. दोन स्ट्राइकनंतर बंट फाउल गेली तर आउट, त्यामुळं पहिल्या दोनातच काय ते करा.

हात कुठला पुढं येतो हे पण बघा. उजव्यानं टाकतो आणि उजव्यानंच मारतो त्याचा पिचिंगचा हात मागं लपलेला असतो, बरं हाय. ओहतानी टाकतो उजव्यानं आणि मारतो डाव्यानं, म्हणजे त्याचा सोन्याचा हात बॉलकडं तोंड करून, म्हणून तो कोपराला गार्ड बांधतो. तुमचं तसं असेल तर गार्ड घ्याच, नसेल परवडत तर क्रिकेटचं आर्म गार्ड चालतं, कुणाच्या तरी किटमध्ये पडलेलं असतंय.

पळताना जास्त पिचर जखमी होतात, मारताना नाही. तैवानचा पिचर चिएन-मिंग वांग २००८ ला ह्यूस्टनमध्ये बेस पळताना पाय दुखावून बसला, सेंट लुईसचा पिचर वेनराइटनं २०१५ ला मारून पळायला सुरुवात केली आणि टाचेची शिर तुटली, ओहतानीचा डावा खांदा २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (तिकडची फायनल) स्लाइड करताना, म्हणजे घसरत बेस गाठताना, निखळला. तर स्लाइड पायानंच, हात पुढं टाकून नाही, आणि आपल्या मुरमाच्या मैदानावर तर बिलकूल नाही, काळ्या मातीच्या भेगा असतील तिथं पाय अडकतो ते वेगळंच. बॅटिंगला जायच्या आधी दोन मिनिटं उड्या मारा, पाय गरम करा.

आठवड्याचं गणित मी असं ठेवतो. पिचिंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी बॅटला हात लावायचा नाही, नुसतं पळणं. तिसऱ्या दिवशी टीवर (बॉल ठेवायचा उभा दांडा) तीस-चाळीस स्विंग, चौथ्या दिवशी बाजूनं टाकलेले हळू बॉल, पाचव्या दिवशी खरा पिचर समोर. पिचिंगच्या आदल्या दिवशी फक्त दहा-पंधरा बंट. दोनशे-दोनशे स्विंगची फुशारकी मारणारे असतात, मारू द्या. बॉल किती टाकले हे पण मोजा, अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ असं ठरलंय आणि ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस आराम. पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी कॅचर म्हणून बसवत असतील तर सरळ नाही म्हणा, सर रागावले तरी, कॅचर पण प्रत्येक बॉल परत फेकत असतोय.

आणि हात खरंच गेला तर? रिक अँकील नावाचा सेंट लुईसचा पिचर, २००० च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद मॅचमध्ये) अचानक बॉल कुठं पण जायला लागला, डोक्यात काय बिघडलं कोणालाच कळेना. काही वर्षांनी त्यानं पिचिंग सोडली, खालच्या लीगमध्ये जाऊन आउटफिल्डर म्हणून पहिल्यापासून सुरू केलं आणि २००७ ला परत आला तो बॅटवर, पहिल्याच मॅचमध्ये होमरन. बॅट नसती तर पिचिंगबरोबरच विषय संपला असता.

सामानाचं लै टेन्शन घेऊ नका. प्लास्टिकचा पाइप रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंटमध्ये उभा करा, वरच्या टोकाला सायकलची ट्यूब चढवा, झाली टी, बॉल कमरेच्या उंचीला आला पाहिजे एवढं बघा. मागं शेडनेट डबल करून लावा, कोणाच्या ना कोणाच्या शेतात फाटकं पडलेलं असतंयच. मे महिन्यात सकाळी सहा ते साडेसात, नंतर ऊन डोक्यावर येतंय, बॅट पण तापते.

आणि घरी एकटं असलात तर चिंचोके. डबाभर चिंचोके घ्या, झाडूचा नाहीतर मॉपचा दांडा घ्या, धाकट्या भावाला थोडं बाजूला उभं करा, डोळ्यावर चष्मा घालायला लावा, आणि एक-एक टाकायला सांगा. विटी-दांडू खेळलेला असेल त्याला लवकर जमतं. पहिल्या दिवशी शंभरातले दहा लागतील, भाऊ हसंल, हसू द्या. पंधरा दिवसांत चाळीस लागायला लागले की चिंचोके बंद करा आणि हरभरे घ्या, मात्र आईला न सांगता घेऊ नका.