धसका आणि हाय: शरीराच्या वाटेने मन सावरण्याची रीत

मराठवाड्यात एखाद्याने भयंकर काही पाहिले, सोसले, की त्याने 'धसका घेतला' असे म्हणतात. आणि एखाद्याची उमेद आतल्या आत विझत गेली की त्याने 'हाय खाल्ली' असे म्हणतात. मानसोपचारशास्त्र ज्यांना आघातोत्तर तणाव आणि नैराश्य म्हणते, त्यांच्याशी हे शब्द तंतोतंत जुळत नसतील. पण असे दुःख विचारांत न थांबता अंगात जाऊन बसते, एवढे त्यांनी नेमके टिपले आहे. म्हणूनच आपल्याकडे दवाखान्यात आलेला माणूस सहसा 'मन खचले' असे सांगत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते, हातापायांची आग होते, अन्न गोड लागत नाही, असे तो सांगतो आणि पुष्कळदा एखादे सलाईन किंवा ताकदीचे इंजेक्शन घेऊन परत जातो. दुःख अंगातून बोलत असेल, तर सावरण्याची सुरुवातही अंगापासून करावी, असे माझे मत आहे. 'काय घडले ते सांग' हा प्रश्न बराच नंतरचा आहे.

हे मला प्रथम कळले ते माझ्या एका मामींमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ४ वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंतींवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यातून वाचलेल्या या मामींनी नव्या वसाहतीत घर मिळाल्यावरही कित्येक वर्षे छताखाली पाठ टेकली नाही. जवळून ट्रक गेला तरी हातातला घास ताटात टाकून त्या दाराबाहेर जात. धक्के कधीच थांबले आहेत हे त्यांना कळत होते, पण पायांना ते पटत नव्हते. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक लहानसा भाग असतो, तो धोक्याची वर्दी देतो. मोठ्या आघातानंतर तो इतका हळवा होतो की जुन्या प्रसंगाशी मिळताजुळता आवाज, वास किंवा थरथर आली तरी हृदयाची गती, श्वास आणि स्नायू क्षणात पळण्याच्या किंवा थिजण्याच्या तयारीला लागतात. ही तयारी समजुतीच्या शब्दांनी उतरत नाही. श्वास, स्नायू आणि हालचाल यांच्या मार्फत मात्र तिच्यापर्यंत पोहोचता येते.

आरंभ करण्यापूर्वी एक पथ्य पाळावे. उदासी, निरुत्साह आणि झोपेची मोडतोड २ आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकली, किंवा आघातानंतर महिना उलटूनही तोच प्रसंग स्वप्नांत आणि जागेपणी अंगावर येत राहिला, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. तोवर 'फरक नाही' म्हणून, किंवा पुढे 'आता बरे वाटते' म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. खाली सांगितलेल्या गोष्टी औषधाच्या जोडीने करायच्या आहेत. औषध सोडण्यासाठी त्यांचा आधार घेणे धोक्याचे आहे.

पहिला अभ्यास पायांचा आहे. ज्या जागेवरून दार दिसते अशा ओसरीवर किंवा अंगणात बसावे आणि डोळे उघडे ठेवावेत. आपल्याकडे ध्यान म्हटले की डोळे मिटण्याची सवय असते. पण धसका घेतलेल्या माणसाने डोळे मिटले की अनेकदा नेमका तोच प्रसंग समोर उभा राहतो. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवावेत, टाचा हलकेच दाबाव्यात, शेणाने सारवलेली जमीन आहे की फरशी, गार आहे की उबदार, हे मनात नोंदवावे. मग समोरच्या ५ वस्तू सावकाश पाहून त्यांची नावे मोठ्याने उच्चारावीत: रांजण, बाज, लिंबाची फांदी, भिंतीवरचे कॅलेंडर, उंबरठा. कानावर येणारे ३ आवाज ओळखावेत. शेवटी आजचा वार आणि गावाचे नाव स्वतःला ऐकू येईल असे म्हणावे. याला ३ मिनिटे पुरतात. सकाळ-संध्याकाळ हा अभ्यास करावा, आणि तो जीव शांत असतानाच शिकावा; विहिरीत पोहायलाही आपण उन्हाळ्यात, पाणी कमी असतानाच शिकतो. आठ-दहा दिवसांनी हा क्रम अंगवळणी पडला म्हणजे घाबरल्या वेळी तो आपोआप हाताशी येतो.

त्यानंतर श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचा नित्याचा व्यवहार आहे. म्हणून घेण्यापेक्षा सोडणे लांबवावे. पोट सैल सोडून नाकाने ४ अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा, ६ अंक मोजेपर्यंत सोडावा, मध्ये कोंडून धरू नये. एका अंकाला एक सेकंद धरला तर या हिशेबाने मिनिटाला ६ श्वास होतात. प्रारंभी एवढे लांबत नसेल तर ३ आणि ४ अंक मोजले तरी चालते. ओढाताण करू नये. २००१ साली लुचियानो बेर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी २३ व्यक्तींवर प्रयोग केला, तेव्हा ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि योगातील मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर येते आणि हृदयाच्या लयीत चांगला बदल होतो, असे त्यांना आढळले. संथ लयीतले नामस्मरण, विहारातील वंदना किंवा जिक्र (मुस्लिमांतील ईश्वरनामाचा जप) यांचा श्वासाशी काय संबंध असू शकतो, याचा अंदाज यावरून येतो. ज्याला अंक मोजणे रुक्ष वाटते त्याने आपल्या सवयीचे नाम एका श्वासात जेवढे सहज बसेल तेवढे संथपणे म्हणावे. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांचा श्वासही ओवीच्या ओळीबरोबर असाच लांबत असावा, असे मला नेहमी वाटते.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. शिबिरांतून पाहिलेली कपालभाती आणि भस्त्रिका यांसारखी वेगवान श्वसनतंत्रे धसका घेतलेल्या माणसाने स्वतःहून करू नयेत. त्यांनी छातीतील धडधड आणि चक्कर वाढून भीतीचा झटका येऊ शकतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट्सचा आजार किंवा गरोदरपण असताना, तसेच पूर्वी उन्मादाचा (मॅनियाचा) झटका येऊन गेला असताना, ती टाळलेलीच बरी. काहींना तर श्वासाकडे नुसते लक्ष दिल्यानेही गुदमरल्यासारखे होते, विशेषतः पुरात किंवा विहिरीत बुडता बुडता वाचलेल्यांना. त्यांनी श्वासाचा नाद सोडून पुन्हा पायांकडे यावे, किंवा ओठ मिटून 'म्' असा लांब गुंजारव करावा. गुंजारवात श्वास आपसूक लांबतो, त्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागत नाही.

स्नायू सैल करण्याची पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. ती रात्री झोपण्यापूर्वी बाजेवर किंवा सतरंजीवर पडून करता येते. पायाची बोटे ५ ते ७ सेकंद आवळावीत आणि एकदम सोडून २० सेकंद त्या सैलपणाकडे लक्ष द्यावे. नंतर पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे आणि शेवटी चेहरा, असे वर यावे. दुखरी कंबर किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर तो भाग वगळावा. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे, तिला शरीराच्या काही भागांकडे लक्ष नेणेही असह्य होऊ शकते. तिने फक्त हात आणि चेहरा यांवर थांबले तरी काही बिघडत नाही, आणि शिकवणाऱ्याने तिचे आसन सुधारण्यासाठीसुद्धा विचारल्याशिवाय हात लावू नये. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, इतर उपचारांनी गुण न आलेल्या ६४ आघातग्रस्त स्त्रियांपैकी एका गटाला १० आठवडे अशाच बेताने, सक्ती न करता, योग शिकवला गेला; त्या गटातील लक्षणे तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक कमी झाली.

हाय खाल्लेल्या माणसाला मात्र बसून करायच्या अभ्यासापेक्षा हालचालीची गरज अधिक असते. 'मन लागले की करू' असे तो म्हणतो, आणि मन लागण्याची वाट पाहता पाहता अंथरुणाला खिळतो. येथे क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी करायचे, मन मागून येते. गोव्यात या तत्त्वावर आधारलेला उपचार डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी ६ ते ८ बैठकांत दिला आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही त्याचा लाभ झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. २०२४ साली २१८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चालणे किंवा धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला परिणाम दिसून आला.

यावर आपला शेतकरी रास्त प्रश्न विचारतो, की दिवसभर रानात राबणाऱ्याने आणखी चालायचे कशाला? सोयाबीन काढताना किंवा फडात मोळ्या बांधताना शरीर हलते हे खरे. पण त्या वेळी डोक्यात कर्जाचा हप्ता, उचल आणि पडलेला भाव फिरत असतो. म्हणून उपचारासाठीचे चालणे वेगळे ठेवावे. ठरलेल्या वेळी, शक्यतो कोणाच्या सोबतीने, गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यावे आणि वाटेत व्यवहाराचा विषय काढू नये. ज्याला अंथरूण सोडवत नाही त्याने पहिल्या आठवड्यात फक्त अंगणातल्या कोवळ्या उन्हात १० मिनिटे बसावे, दुसऱ्या आठवड्यात दाढी करून घ्यायला चौकापर्यंत जावे, तिसऱ्यात बहिणीला फोन करावा. घरच्यांनी 'जरा हातपाय हलव' असे टोमणे न मारता त्याच्या वेळेला चप्पल घालून दारात उभे राहावे.

सोबत हे या साऱ्याचे बळ आहे. कोसोवोतील युद्धानंतर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेम्स गॉर्डन यांच्या पद्धतीने श्वास, ध्यान, हालचाल आणि चित्रे यांचे गट चालवले गेले. ८२ किशोरवयीन मुलामुलींबरोबरच्या त्या अभ्यासात १२ बैठका घेणारे लोक त्यांच्याच शाळेतील प्रशिक्षित शिक्षक होते, आणि मुलांची आघाताची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली. आपल्याकडेही प्रशिक्षण मिळाल्यास आशाताई, शिक्षक आणि बचत गटातील जाणत्या बाया हे काम करू शकतील. गटाचे नियम थोडेच असावेत: कोणाला बोलायची सक्ती नाही, कोणी उपदेश करायचा नाही, आणि इथले बोलणे पारावर जायचे नाही. प्रसंगाची संपूर्ण कहाणी गटात उकलून घेऊ नये. ते काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाचे आहे, आणि त्यासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे हळूहळू बदलण्याचा उपचार) व डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर या पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केलेली आहे. दहा दिवसांच्या मौन विपश्यना शिबिराचा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. परंतु जखम ताजी असताना इतका दीर्घ एकांत झेपेलच असे नाही, म्हणून अर्जात आजार लपवू नये आणि आधी डॉक्टरांना विचारावे.

कोणी 'आता जगण्यात राम नाही' असे बोलू लागला, देणीघेणी अचानक निकाली काढू लागला किंवा सर्वांचा निरोप घेतल्यासारखे वागू लागला, तर श्वासाचे अभ्यास बाजूला ठेवावेत. 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का' असे जवळ बसून स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून हलवून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवावीत, माणसाला एकटे सोडू नये आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही मोफत सेवा २४ तास चालते आणि मराठीत बोलता येते. पोलीस केस होईल या भीतीने काही घरे अशी गोष्ट लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते. अन्यथा सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा करता येत नाही, आणि तिला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

अभ्यासाची नोंद साध्या कॅलेंडरवर ठेवावी. झोप किती तास झाली, कोणता अभ्यास केला आणि भीतीचा झटका आला का, एवढे तीन शब्दांत लिहिले तरी डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. त्याच कॅलेंडरवर आघाताची तारीख आणि तिथी आधीच खूण करून ठेवावी, कारण त्या सुमारास गेलेली लक्षणे पुन्हा उसळतात: वर्षश्राद्धाचा आठवडा, पूर आला तो महिना, ढगांचा तसाच गडगडाट. याचा अर्थ केलेले वाया गेले असा होत नाही. त्या आठवड्यात पायांचा अभ्यास दोनाऐवजी चार वेळा करावा, मोठे व्यवहार आणि लांबचा प्रवास पुढे ढकलावा, आणि रात्री सोबतीला कोण झोपणार हे आधीच ठरवून ठेवावे. मामी आता घरात झोपतात. फक्त अनंत चतुर्दशीच्या रात्री त्यांची बाज अंगणात टाकलेली असते आणि नात शेजारी दुसरी बाज टाकून झोपते. पहाटे जाग आली की दोघी पाय जमिनीला टेकवून, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे घेत, उजाडेपर्यंत बसतात.