शिफारसपत्राची तयारी पहिल्या वर्षापासून

साताऱ्यातील महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी आणि पुढील शिक्षणासाठी मिळू शकणारी मदत थोडी नसते. मात्र ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मागितली तर फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून पहिल्याच सत्रात आपल्या वर्गाचे मार्गदर्शक शिक्षक कोण आहेत ते विचारून घ्यावे आणि काही अडचण नसतानाही त्यांना एकदा भेटून यावे.

पैशांची ओढाताण असेल, तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करण्यात कमीपणा मानू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून श्रम करून शिकणे ही या जिल्ह्यात अभिमानाची गोष्ट ठरली आहे. निवड करता येत असेल, तर ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेतील काम मागावे, कारण तेथे आपला नेटकेपणा शिक्षकांच्या रोज नजरेस पडतो.

याचा खरा उपयोग शिफारसपत्राच्या वेळी कळतो. ‘विद्यार्थी हुशार व होतकरू आहे’ एवढ्या एका वाक्याचे पत्र निवड समितीला काहीच सांगत नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न हाती घेतला, नोंदी कशा ठेवल्या आणि चूक झाल्यावर काय केले, हे लिहिलेले पत्र वजनदार ठरते, आणि असे पत्र लिहिता येण्यासाठी शिक्षकांनी ते प्रत्यक्ष पाहिलेले असावे लागते. त्यामुळे दुसऱ्या वर्षात एखादा छोटा प्रकल्प आवर्जून करावा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कास पठार जवळच आहे. तेथील एखाद्या वनस्पतीच्या बहराची आणि पावसाची नोंद, फुले न तोडता, आठवड्याला एकदा नियमाने ठेवली तरी चांगला अहवाल तयार होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सुटीत एखाद्या कर सल्लागाराकडे बसून जीएसटीची विवरणपत्रे कशी भरतात ते शिकावे.

पत्र मागताना गुणपत्रके, प्रकल्पाचा अहवाल, अर्जाचा मजकूर आणि अंतिम तारीख यांचा संच किमान तीन आठवडे आधी द्यावा. (‘सर, आजच शेवटची तारीख आहे’ हे वाक्य ऐकून कोणत्याही शिक्षकाच्या हातून चांगले पत्र उतरत नाही.)

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी दोन तारखांकडे विशेष लक्ष ठेवावे. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज साधारणपणे नोव्हेंबरपर्यंत घेतले जातात आणि त्यासाठी शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. आयआयटीतील एमएस्सीसाठी होणारी ‘जॅम’ परीक्षा फेब्रुवारीत असते, पण तिचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे तिसरे वर्ष सुरू होताना निर्णय झालेला असावा. नेमकी तारीख आणि पात्रता त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतच पाहावी, मित्राच्या व्हॉट्सॲप संदेशात नव्हे.

पुण्यात किंवा अन्यत्र दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असेल, तर आपल्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. निकाल लागताच त्यासाठी अर्ज करावा आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वी ग्रंथालयाची पुस्तके परत केल्याची नोंद कार्यालयात करून घ्यावी.