गीत लिहिताना शब्द कानाने तपासावेत

कविता वाचणाऱ्याला न कळलेल्या ओळीकडे परतता येते. गाणे ऐकणाऱ्याला ती सवड नसते, कारण ओळ कळो न कळो, ताल पुढे निघून गेलेला असतो. म्हणून गीताचा खर्डा मोठ्याने म्हणून, हाताने ताल धरूनच तपासावा.

सुरुवात ध्रुवपदापासून करावी आणि सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. ते प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येते, आणि दर वेळी अर्थ तोच राहिला तर ऐकणाऱ्याचे लक्ष उडते. ‘कडी नको गं लावू’ ही ओळ घेऊ. पहिल्या अंतऱ्यात खेळायला निघालेली मुलगी आईला हे सांगते. दुसऱ्यात परगावी राहणारी तीच मुलगी रात्री उशिरा घरी पोहोचणार आहे. तिसऱ्यात आई राहिलेली नाही आणि मुलगी बंद दारासमोर उभी आहे. ओळीतला एकही शब्द बदललेला नाही, तरी ती तीन वेळा निराळी ऐकू येते. ‘विरह’ किंवा ‘वेदना’ असा शब्द कुठेच लागला नाही. माझ्या मते तो आला असता तर गाणे पातळ झाले असते.

आता मात्रा मोजू. लघु अक्षराची एक, गुरूची दोन. ‘कडी’ तीन, ‘नको’ तीन, ‘गं’ दोन, ‘लावू’ चार, म्हणजे एकूण बारा. दादरा या तालाचे आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, सहा मात्रांचे असल्यामुळे ही ओळ दोन आवर्तनांत नेमकी बसते आणि दुसऱ्याची सम (पहिली मात्रा) ‘गं’वर, म्हणजे आईला घातलेल्या हाकेवर, येते. मात्र हिशेब जुळला म्हणजे ओळ गाण्याजोगी झाली असे नाही. उंच स्वरावर ‘आ’ मोकळा सुटतो, तर ‘ऊ’साठी ओठ आवळावे लागतात, म्हणून चालीतला सर्वांत उंच स्वर ‘ला’वर यावा आणि ‘वू’वर चाल खाली उतरावी. बोलताना आपण ‘घर’मधला शेवटचा ‘अ’ गिळतो, पण गाताना तो बहुधा पूर्ण उच्चारला जातो, हेही मोजताना विसरू नये.

यमकासाठी वाक्य वाकवू नये. ओळीच्या शेवटचा शब्द केवळ जुळतो म्हणून आला असेल, तर तो काढावा आणि नुसत्या स्वरसाम्यावर, म्हणजे ‘आ’, ‘ई’ असे शेवटचे स्वर जुळण्यावर, समाधान मानावे.

चाल आधी तयार असेल तर निरर्थक अक्षरे घालून ती पुन्हा पुन्हा गुणगुणावी, आणि श्वास कुठे घ्यावा लागतो तिथे खूण करावी. ‘रडू नकोस’ या शब्दांच्या मध्ये श्वास आला तर लांबलेले ‘रडू’ आधी ऐकू येते आणि नकार मागाहून पोहोचतो. तिथे ‘नको रडूस’ असा क्रम करून पाहावा. तोही बसला नाही तर ती ओळ सोडून नवी लिहावी.