न्याहुरुरूला जाताना स्वेटर घ्या

नैरोबीत आमच्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की एक दिवस न्याहुरुरूचा ठरलेला. थॉमसन फॉल्स बघायचा म्हणून बॅग उघडली की दरवेळी तेच निघतं: चार सुती टी-शर्ट, गॉगल, सनस्क्रीन आणि ‘धबधबाच आहे ना’ म्हणून चपला. आफ्रिका म्हणजे ऊन, ही समजूत विमानतळावरच सोडून या. न्याहुरुरू सुमारे २,३६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर हजारेक मीटर. विषुववृत्त गावाला खेटून जातं, तरी जुलैच्या सकाळी तोंडातून वाफ निघते. म्हणून यादीत पहिला स्वेटर. त्यावर पाणी अडवणारं जाकीट, आणि तळाला पकड असलेले बूट.

पण त्याच्याही आधी, निघायच्या महिनाभर अगोदर, पिवळ्या तापाची लस. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनियात ती सहसा कोणी विचारत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. कार्ड दाखवावं लागतं ते परतताना, आपल्याच विमानतळावर. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. मलेरियाच्या गोळ्यांचं त्याच फेरीत डॉक्टरांना विचारून घ्या. केनियाने २०२४ पासून व्हिसा बंद केला, पण त्याऐवजी ईटीए म्हणून ऑनलाइन परवानगी काढावी लागते. ती शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

चिवडा-लाडू जरूर आणा, पण डब्यात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. खिशात शंभर-दोनशे शिलिंगच्या सुट्ट्या नोटा हव्यातच. इथले लोक भाजीचे पैसेही एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून देतात, पण दोन दिवसांच्या पाहुण्याला तो खटाटोप परवडत नाही.

आता वाचून काय जायचं ते, कारण ही तयारी कोणीच करत नाही. धबधब्याला नाव दिलं जोसेफ थॉमसन या स्कॉटिश प्रवाशाने. १८८३ साली मसाई जमातीच्या मुलखातून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाताना पंचविशीतला हा पोरगा इथे पोचला आणि त्याने धबधब्याला आपल्या वडिलांचं नाव देऊन टाकलं. वडील तिकडे स्कॉटलंडमध्ये दगडाच्या खाणीचं काम करणारे पाथरवट. खरं तर नाव आधीपासून होतं. ‘न्याहुरुरू’ हे धबधब्यासाठीच्या मसाई शब्दावरून आलंय. नुसतं म्हणून बघा, पाण्याचा आवाज येतो. नदीचं नाव एवासो नारोक, तेही मसाई, अर्थ काळी नदी. पण आज गावात बहुतेक किकुयू जमातीचे लोक भेटतील. मसाईंना १९११च्या करारानंतर ब्रिटिशांनी या लायकिपिया पठारावरून दक्षिणेला हलवलं आणि जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना दिली. त्या ‘व्हाइट हायलँड्स’मध्ये भारतीयांनाही शेतजमीन घेता येत नव्हती. रेल्वे बांधायला आपली माणसं चालली, दुकान टाकायलाही चालली (स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात), शेतीला मात्र नाही. ज्या डोंगरांतून नदी येते त्यांना थॉमसनने ॲबरडेअर केलं. किकुयूंसाठी ते न्यांदारुआ, म्हणजे वाळत घातलेलं कातडं. वाटेत ती रांग दिसली की गाडी थांबवून बघा, उपमा पटते. १९५०च्या दशकात ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावाचे लढवय्ये याच रानात लपले होते.

कठड्यापाशी पोचलात की पाणी ७४ मीटर खाली कोसळताना दिसतं. लोणावळ्याची सवय असलेल्याला एकदम धारेखाली उभं राहावंसं वाटतं. ते डोक्यातून काढा. खाली जायला वाट आहे, उभी आणि तुषारांनी कायम ओली. पहिल्या खेपेला मी कोल्हापुरी घालून उतरले आणि अर्धी वाट बसूनच पार केली. मागून येणारी शाळेची पोरं ‘पोले, पोले’ करत होती. पोले म्हणजे अरेरे. ‘पोले पोले’ म्हणजे सावकाश. त्यांना कुठलं म्हणायचं होतं ते कळलं नाही, दोन्ही लागू होती. उतरताना काही वाटत नाही, चढताना विरळ हवा कळते. दम्याचा पंप असेल तर तो गाडीत नाही, खिशात. मोबाइलला झिपची पिशवी घालायची सवय असेल तर तिच्याऐवजी स्टीलचा छोटा डबा बरा. खाली तुषार आडवे येतात, चष्म्याला पुसायला सुती रुमाल ठेवा, आणि एक जोड मोजे गाडीत.

वरती कठड्याजवळ चेहऱ्यावर पांढरे पट्टे ओढलेले, कातडी पांघरलेले किकुयू नाचणारे असतात. फोटोचे पैसे आधी बोलून घ्या, नंतर घासाघीस नको. दूरून चोरून झूम करणं तर मुळीच नको. मी एका आजोबांना पट्टे कशाचे विचारलं, तर त्यांनी बोटाने थोडी पांढरी माती माझ्याच गालाला लावली. घरी येईपर्यंत ती वाळून तडकली होती. पैसे त्यांनी फोटोचेच घेतले, मातीचे नाही.

नदीच्या वरच्या अंगाला पाणघोड्यांचा डोह आहे. स्थानिक माणूस बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका, संध्याकाळी तर नाहीच. अंधार पडला की ते चरायला बाहेर येतात. विषुववृत्ताच्या पाटीपाशी कोणी भांड्यातलं पाणी उत्तरेला एका बाजूने आणि दक्षिणेला दुसऱ्या बाजूने फिरवून दाखवलं तर ती हातचलाखी आहे. बघा, हसा, दहा-वीस शिलिंग द्या.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. गिथेरी मागा, मका आणि घेवड्याची उसळच ती, आणि बरोबर चपाती, जिला इथेही चपातीच म्हणतात. तिखट लागत असेल तर चटणीची पुडी आपली आपण. आणि चारच्या आत परत निघा: नैवाशा सोडल्यावर चढाचा घाट लागतो, तिथे संध्याकाळी धुकं आणि ट्रक एकदमच येतात.