मार्सेयला जहाज लागल्यावर एका दिवसात कासी: वेळापत्रक उलटं आखा

भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ घेऊन जाणारी कुटुंबं आता कोल्हापुरातही पुष्कळ आहेत. या क्रूझचा एक नेहमीचा थांबा म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं मार्सेय. जहाज सकाळी आठच्या सुमारास लागतं आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सुटतं. दहा तास भरपूर वाटतात, म्हणून लोक कासी, समुद्रातल्या खाड्या, मार्सेयचं जुनं बंदर आणि टेकडीवरचं चर्च असं सगळं एकाच दिवसात कोंबतात. मग कुठेच नीट थांबणं होत नाही आणि शेवटचा तास धावपळीत जातो. एकच ठिकाण निवडा. किनारा पाहायचा असेल तर ते ठिकाण कासी.

कासी हे मार्सेयच्या आग्नेयेला, साधारण कोल्हापूर ते पन्हाळा एवढ्या अंतरावरचं लहानसं मासेमारी बंदर. त्याच्या एका बाजूला काप कानाय हा 394 मीटर उंचीचा लालसर कडा थेट समुद्रात उतरतो. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चुनखडीच्या डोंगरांत शिरलेल्या अरुंद, निळ्याहिरव्या खाड्या आहेत. त्यांना तिकडे कालांक म्हणतात. हा सगळा भाग 2012 पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

आखणी संध्याकाळपासून सुरू करा

जहाज सुटण्याची वेळ आणि परत चढण्याची शेवटची वेळ यांत अर्धा ते एक तासाचा फरक असतो. आपल्या कामाची ही दुसरी वेळ. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दिनपत्रकात ती छापलेली असते. जहाजावरचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ एकच आहे का, हेही तिथेच तपासा.

समजा शेवटची वेळ 5:30 आहे. आता मागे मोजत जा. जहाजाच्या जिन्याशी 4:15 ला पोचायचं. त्यासाठी शहरातल्या जोलिएत चौकातून, जहाजाकडे नेणाऱ्या शटल बसची रांग धरून, 3:30 ला निघायचं. सें-शार्ल या मार्सेयच्या रेल्वे स्टेशनापासून जोलिएत मेट्रोने, चालण्यासकट, वीस मिनिटं. म्हणजे कासीची गाडी 3:05 ते 3:10 ला सें-शार्लला यायला हवी. कासी ते मार्सेय गाडीला सुमारे 25 मिनिटं लागतात, म्हणून कासीहून 2:40 च्या आसपासची गाडी. कासीचं स्टेशन गावापासून साडेतीन किलोमीटरवर आहे, तेव्हा बंदरावरून दुपारी 2 ला उठायचं.

हा हिशेब इतका सैल ठेवण्याचं कारण म्हणजे ही गाडी रद्द झाली तर पुढची तासाभराने असू शकते. त्या पुढच्या गाडीने आलात तरी जहाज मिळालं पाहिजे. पुढच्या गाडीने जमत नसेल, तर तुम्ही निवडलेली गाडीच चुकीची आहे. एक आधीची धरा.

सकाळची बाजू अशी जाते: 8 ला जहाज लागलं तरी उतरेपर्यंत 8:45 होतात, जोलिएतला 9:30, सें-शार्लला 9:50, कासीच्या बंदरावर 11. हातात उरले तीन तास, आणि एका खाडीफेरीला व निवांत जेवणाला तेवढे पुरतात. जहाज दुपारी एक-दोनलाच सुटणार असेल तर कासीचा नाद सोडा आणि मार्सेयमध्येच फिरा.

जहाजापासून कासीपर्यंत

मोठी क्रूझ जहाजं शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटरवर लागतात. मालवाहू बंदरातून चालत शहरात जाण्याचा विचारही करू नका. सगळ्यात सोपी म्हणजे जहाज कंपनीची शटल बस. ती कुठे सोडते (जोलिएत की जुनं बंदर) आणि परतीची शेवटची शटल किती वाजता, हे आदल्या दिवशी स्वागतकक्षात विचारून लिहून ठेवा. अनेकांची गडबड इथेच होते: शेवटची शटल जहाजाच्या शेवटच्या वेळेच्या बरीच आधी असते आणि त्या वेळी रांग सगळ्यात लांब असते. दुसरा मार्ग म्हणजे बंदराच्या 4 नंबरच्या फाटकाबाहेरून जोलिएतला जाणारी 35 क्रमांकाची शहर बस. पण जहाज ते फाटक हे अंतरही बरंच आहे, ज्येष्ठांना ते झेपणार नाही.

जोलिएतला मेट्रो 2 पकडा. दिशा सेंत-मार्गरित द्रोमेल. दुसरं स्थानक सें-शार्ल. मेट्रोतून सरकत्या जिन्याने थेट रेल्वे स्टेशनात वर येता येतं; बाहेरचा भव्य दगडी जिना 104 पायऱ्यांचा आहे, तो टाळा. मेट्रोच्या फाटकावर बँक कार्ड टेकवून पैसे देता येतात.

सें-शार्लला टीईआर या प्रादेशिक गाडीचं तिकीट घ्या. याचं आरक्षण लागत नाही आणि जागा संपल्या म्हणून तिकीट नाकारलंही जात नाही, त्यामुळे महिनाभर आधी काढायची गरज नाही. जाण्याचं आणि येण्याचं एकदमच काढा. परतताना कासीच्या छोट्या स्टेशनवर यंत्रापुढे रांग नको. कागदी तिकीट असेल तर त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो का, हे तिकीट काढतानाच विचारा. अवैध तिकिटावर दंड होतो आणि पर्यटक आहोत ही सबब चालत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीची गाडी. तुलाँ आणि नीसकडे जाणाऱ्या जलद गाड्या याच मार्गावरून, कासीला न थांबता जातात. ओबान्य, कासी, ला सिओता अशी स्थानकं फलकावर दिसत असतील तीच गाडी आपली. फलाट क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो, तेव्हा फलकाखालीच उभे राहा.

कासी स्टेशनवरून गावात छोटी स्थानिक बस जाते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या वेळा खात्रीने पाहून ठेवा. जाताना चालायचं ठरवलं तर उतार आहे, पाऊण तास लागतो. येताना तोच चढ भर दुपारच्या उन्हात आहे. परतीसाठी बसच धरा, किंवा बंदरावरून टॅक्सी सांगून ठेवा. चार जण असाल आणि बरोबर गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर जहाजापासूनच टॅक्सी करणं महाग पडलं तरी शहाणपणाचं. रस्त्याने पाऊण तास धरा.

नावेतून की पायी

तीन तासांत नावच. बंदराच्या धक्क्यावर तिकिटाची टपरी आहे. तीन खाड्यांची फेरी सुमारे 45 मिनिटांची असते: पोर-मिऊ, पोर-पँ आणि आँ-व्हो. पाच खाड्यांची तासाभराहून थोडी जास्त, आठ खाड्यांची दीड तासाची. तीन खाड्यांची घ्या. सगळ्यात देखणी आँ-व्हो तिच्यातच येते आणि पुढच्या खाड्यांसाठी दिलेला अर्धा-पाऊण तास जेवणातून कापला जातो. कासीला पोचताच आधी हे तिकीट काढा, मग चहा-कॉफी. दुपारकडे नाव भरते आणि पुढची फेरी तुमच्या वेळेत बसत नाही. पोर-मिऊला जुन्या दगडखाणीच्या खुणा पाहा. इथला दगड थेट गलबतांवर चढवून बाहेर जात असे.

पायीच जायचं असेल तर पोर-मिऊपर्यंत अर्धा तास आणि तिथून पोर-पँपर्यंत आणखी अर्धा तास. एवढं जाऊन परत येता येतं. आँ-व्होला शेवटची उतरण इतकी खडी आहे की जाऊन-येऊन तीन-चार तास मोडतात. क्रूझच्या दिवशी ती नकोच. पन्हाळा-पावनखिंड केलेल्यांनीही पायाखालच्या दगडाला कमी लेखू नये. सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत असतो. इथली चुनखडी लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झाली आहे, कोरडी असतानाही पाय सरकतो. कोल्हापुरी चपला जहाजावरच्या संध्याकाळीसाठी ठेवा, इथे खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट लागतात. वाटेवर पिण्याचं पाणी कुठेच मिळत नाही. माणशी दीड लिटर घ्या.

जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे या वाटा रोजच्या रोज उघडल्या किंवा बंद केल्या जातात. दुसऱ्या दिवसाचा निर्णय आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. उद्यानाच्या 'मे कालांक' (Mes Calanques) या ॲपवर तो दिसतो. लाल असेल तर प्रवेश नाही, आणि दंड खराखुरा आहे. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर हा प्रश्न येत नाही, मात्र समुद्राचं पाणी तेव्हा बरंच थंड असतं.

मिस्त्राल

या किनाऱ्यावरचा खरा मालक वारा आहे. मिस्त्राल वायव्येकडून, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटतो आणि सलग काही दिवस टिकू शकतो. आकाश मात्र लख्ख निळं असतं, त्यामुळे खिडकीतून दिवस उत्तम वाटतो. वारा जोरात असेल तर कासीच्या नावा बंद राहतात. शिवाय तो किनाऱ्यावरचं कोमट पाणी समुद्राकडे ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं, म्हणून भर जुलैतही पाण्यात पाय घालवत नाही. आदल्या रात्री हवामानात वाऱ्याचा वेग पाहा. पाऊस आहे का एवढंच पाहणं पुरत नाही.

वारा असेल तर ट्रेनचा बेत सोडून जोलिएतलाच उतरा. तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर म्युसेम हे संग्रहालय आहे. मंगळवारी ते बंद असतं. त्याच्या शेजारी 2022 मध्ये उघडलेली कोस्केर गुहेची प्रतिकृती आहे. मूळ गुहा कालांकांच्या पोटातच आहे. तिचं तोंड समुद्राखाली 37 मीटरवर आहे आणि आत हिमयुगातली चित्रं आहेत. आँरी कोस्केर या पाणबुड्याने तिचा शोध 1991 मध्ये जाहीर केला. मूळ गुहेत सामान्य माणसाला जाता येत नाही, म्हणून ही प्रतिकृती नुसती भरपाई समजू नका, मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधी काढा. नंतर जुन्या बंदरावरून 60 क्रमांकाची बस नोत्र-दाम द ला गार्द चर्चच्या टेकडीवर नेते, चढायची गरज नाही.

पोटाचं

कासीत दुपारचं जेवण 12 ते 2. दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, म्हणून नावफेरी संपताच टेबल धरा. शाकाहारींनी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: मांस नको आणि मासेही नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मासा पुढे येऊ शकतो. तापनाद या ऑलिव्हच्या चटणीत बहुधा अँचोव्ही मासा असतो, पिझ्झ्यावर आणि फुगास नावाच्या पावातही कधी असतो. रातातुई ही मिश्र भाज्यांची भाजी निर्धोक. हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पानिस मिळाले तर जरूर घ्या, ती मार्सेयची खासियत आहे आणि आपल्या जिभेला लगेच जुळते. साधं पाणी हवं असेल तर 'युन काराफ दो' म्हणा, ते फुकट असतं. नाहीतर बाटलीचं बिल येतं. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', मग प्रश्न. या क्रमाने वागणूक खरोखर बदलते.

घरून नेताना जयसिंगपूरचं भडंग, कोरडी चटणी चालते. पेढे, बर्फी, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

कोल्हापुरात असतानाच करायचं

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. मार्सेयच्या एका दिवसासाठी वेगळा फ्रेंच व्हिसा लागत नाही. पण क्रूझ मध्ये ट्युनिशियासारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जात असेल तर बहुप्रवेश व्हिसा हवाच. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही वेगवेगळ्या चालू करा. नाहीतर मेट्रोच्या फाटकावर कार्ड चालणार नाही. जहाजावर फोन विमान मोडमध्येच ठेवा. समुद्रावरचं जहाजाचं नेटवर्क पकडलं तर बिल हजारोंत जातं. मार्सेय आणि कासीचा नकाशा आधीच उतरवून घ्या.

साज, ठुशी, मंगळसूत्राचं मोठं सोनं घरी ठेवा. मार्सेयच्या गर्दीत गळ्यातलं ओढून नेण्याचे प्रकार होतात. आणि दोन महिने आधीपासून रंकाळ्याच्या सपाट फेरीसोबत आठवड्यातून एकदा जोतिबाच्या पायऱ्या चढा-उतरा. किनाऱ्यावर गुडघे उतरताना बोलतात.

1 मे रोजी जहाज लागणार असेल तर बेत बदला, त्या दिवशी सार्वजनिक वाहतूक आणि दुकानं जवळजवळ थांबलेली असतात. संपाची घोषणा आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या ॲपवर पाहा.

जहाज चुकलंच तर

जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः आखलेल्या सहलीसाठी थांबत नाही. म्हणून दिनपत्रकावरचा बंदर-एजंटाचा (जहाज कंपनीचा त्या बंदरावरचा प्रतिनिधी) फोन क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहून घ्या, आणि उशीर होतोय असं दिसताच फोन करा, जहाज सुटल्यावर नव्हे. पासपोर्ट तुमच्याकडे असेल तर तो कपड्यांच्या आतल्या पिशवीत बरोबर ठेवा. जहाजाने जमा करून घेतला असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती जवळ हव्यात. अशा वेळी मूळ पासपोर्ट सहसा एजंटाकडे सोपवला जातो. पुढचं बंदर जेनोआ किंवा बार्सिलोना असेल तर सें-शार्लहून रेल्वेने किंवा बसने तिथे जाऊन जहाज गाठता येतं. तो खर्च स्वतःचा असतो आणि विमा तो भरेलच असं नाही. पॉलिसी घेताना हे कलम वाचून घ्या.