आलिमच्या कोर्सआधी हिफ्ज कसं पुरं करावं

दहावी झाली की वाळपई-डिचोलीकडची मुलं मला विचारतात, "हिफ्ज अर्धं राहिलंय, तसंच आलिमला जाऊ का?" हिफ्ज म्हणजे सगळं कुरआन तोंडपाठ करणं आणि आलिमचा कोर्स म्हणजे मदरशातलं धर्माचं पुढचं शिक्षण. मी कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) अकरा पारे पाठ असताना असाच गेलो होतो. सर्फ आणि नह्व (अरबी व्याकरण), फिकह (धार्मिक कायदा) यांतच दिवस संपायचा. वर्षभरात अकरापैकी चारच पारे धड उरले. घरी परत आलो आणि सुरुवातीच्या अलिफ-लाम-मीमपासून पुन्हा धरलं. म्हणून सांगतो, जमत असेल तर आधी हिफ्ज पुरं करा.

हिफ्ज प्रत्येकावर फर्ज (बंधनकारक) नाही, पण पुढचा सगळा अभ्यास त्यावरच उभा राहतो. 13व्या शतकातल्या इमाम नववींनी लिहून ठेवलंय की, पूर्वीचे आलिम कुरआन पाठ नसलेल्याला हदीस (पैगंबरांची वचनं) आणि फिकह शिकवत नसत. वारसाहक्काचा धडा घ्या. त्याचा पाया सूरह निसा या अध्यायाच्या 11, 12 आणि 176 या आयतींत (वचनांत) आहे. त्या ज्याच्या तोंडात आहेत तो थेट हिश्श्यांच्या हिशोबाला लागतो, बाकीचे पानं शोधत बसतात.

सुरुवातीला नाजरा, म्हणजे बघून वाचणं, उस्तादांकडून पक्कं करून घ्या. आपण मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे देवनागरीत लिहून पाठ करायचा मोह होतो. कृपा करून करू नका. से, सीन आणि साद ही तीन वेगळी अक्षरं देवनागरीत एकच 'स' होऊन बसतात. 'कल्ब' मोठ्या काफने म्हटलं तर हृदय, छोट्या काफने म्हटलं तर कुत्रा. एकदा चुकीचं जिभेवर बसलं की काढताना जीव जातो.

मुसहफ (कुरआनची प्रत) शेवटपर्यंत एकच ठेवा, पंधरा ओळींचा. आयत पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे डोळ्यांनाही पाठ होतं.

नवा सबक (धडा) फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर. मी वडिलांच्या बागायतीतल्या वीस काजूच्या बिया पुढ्यात ठेवायचो. आयत एकदा बघून वाचली की एक बी डावीकडून उजवीकडे. वीस झाल्या की मुसहफ मिटून त्याच बिया परत डावीकडे. मग मागच्या आयतीला जोडून म्हणायचं, कारण आयती सुट्ट्या येतात आणि सांध्यावर अडतात. 30 पारे, पाऱ्याला साधारण 20 पानं, म्हणजे 600 पानं. रोज अर्धं पान आणि वर्षाला 300 दिवस धरले तर चार वर्षं लागतात. लागू द्या.

खरी मेहनत जुन्याची आहे. दिवसाचे तीन भाग करा: आजचा सबक, चालू पाऱ्याचा आतापर्यंत पाठ झालेला भाग (सबक पारा) आणि मागच्या पाऱ्यांची उजळणी (आमोख्ता). आमोख्ता कच्चा असेल त्या दिवशी नवा सबक घेऊच नका. दावणीचा उंट सुटतो त्याहून लवकर कुरआन निसटतो, असं हदीसमध्ये आलंय. माझे सात पारे असेच निसटले.

सारख्या दिसणाऱ्या आयतींसाठी वेगळी वही करा. सूरह बकराच्या 48व्या आयतीत शफाअत (शिफारस) आधी, अदल (मोबदला) नंतर. 123व्या आयतीत अदल आधी, शफाअत नंतर. माझ्या पहिल्या तरावीहला (रमजानमधली रात्रीची नमाज) मी 123वर 48ची ओळ म्हणून गेलो आणि पुढे इब्राहीम अलैहिस्सलामांऐवजी थेट फिरऔनच्या आयतीत शिरलो. मागून लुकमा मिळाला, म्हणजे कोणीतरी बरोबर शब्द सांगितला, पण तळवे घामाने ओले झाले होते. त्या रात्री दोन्ही आयती वहीत समोरासमोर लिहिल्या, फरकाच्या शब्दाखाली लाल रेघ मारली. ती जागा नंतर कधी चुकली नाही.

पाठ झालेलं नमाजमध्ये म्हणा. एकट्याने घोकताना जे सुटतं ते तिथे लगेच कळतं. मोबाईलवर कारींचं पठण ऐकणं चांगलं, पण त्याने उस्तादांना ऐकवणं टळत नाही.

तीस पारे झाले की लगेच बॅग भरू नका. एक वर्ष दौर (सगळ्याची उजळणी) करा, रोज एक पारा, आणि एक रमजान तरावीह पढवा किंवा सामे (ऐकून चूक सांगणारा) म्हणून मागे उभे राहा. मग मदरशात प्रवेश घ्या. मदरसा निवडताना एवढं जरूर विचारा की मगरिब ते इशा (संध्याकाळच्या नमाजपासून रात्रीच्या नमाजपर्यंत) हा वेळ आमोख्त्यासाठी मोकळा मिळतो का. आणि पहिल्याच आठवड्यात एखादा हाफिज (कुरआन पाठ असलेला) जोडीदार शोधून, रोज अर्धा पारा तुम्ही त्याला ऐकवायचा आणि अर्धा त्याने तुम्हाला, असं ठरवून टाका.