क्लेमॅटिस फुलत नाही? कात्री उचलण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडात आल्यावर पहिल्या फेब्रुवारीत शेजारच्या आजोबांचं बघून मीही आमची क्लेमॅटिसची फुलवेल फूटभर ठेवून कापली. मे उजाडला. गल्लीतली कुंपणं गुलाबी झाली आणि आमच्या वेलीवर नुसती पानं. आजोबांचं चुकलं नव्हतं. त्यांची वेल जॅकमनी जातीची, आमची मोंटाना.

जॅकमनी नव्या फुटीवर, भर उन्हाळ्यात फुलते. म्हणून फेब्रुवारीत तिला खाली, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर कापतात. मोंटाना गेल्या वर्षीच्या काडीवर फुलते. हिवाळ्यात कापली की त्या वर्षीची फुलंच कापली. तिला आवरायचं ते बहर ओसरल्यावर. नेली मोझरसारख्या मे-जूनमधल्या मोठ्या फुलांच्या वेलींची फेब्रुवारीत फक्त सुकलेली, काटकुळी काडी काढायची. जातीच्या नावाची चिठ्ठी हरवली असेल तर वर्षभर कात्री लावूच नका. फुलं कधी येतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे जिवंत वेल उपटणं. काल कळ्यांनी लगडलेली फांदी आज अचानक मान टाकते, पानांचे देठ काळे पडतात. ही बुरशीची मर, मोठ्या फुलांच्या जातींत जास्त. काळं पडलेलं सगळं निरोगी भागापर्यंत, वेळ पडली तर जमिनीलगत कापा. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, कात्री पुसून घ्या आणि थांबा. मातीखालच्या डोळ्यांतून बहुतेकदा नवी फूट येते. त्यासाठीच अशी वेल लावताना कुंडीतल्या पातळीपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर खोल लावायची. गुलाबाच्या कलमाचा जोड मातीवर ठेवणाऱ्या आपल्या हाताला हे जड जातं खरं.

भिंतीला चिकटून खड्डा घेऊ नका. तिथे पाऊस पोचतच नाही, माती कोरडी ठणठणीत. फूट-दीड फूट लांब लावून वेल भिंतीकडे कलती करा. मुळं गार राहावीत म्हणून बुंध्याशी दगड मांडतात; मीही मांडले आणि त्यांखाली गोगलगायींना आयतं घर मिळालं. आता पालापाचोळ्याचं खत पसरते, खोडापासून चार बोटं सोडून. कोरड्या आठवड्यात मात्र पाणी घालावंच लागतं.

आधार जाड बांबूचा नको. क्लेमॅटिसला काकडीसारखे तणावे नसतात, पानाचा देठच आधाराला वेढा घालतो. सह्याद्रीत झुडपांवर पसरणारी मोरवेल हिच्याच कुळातली, तीही अशीच चढते. त्या देठाला जाड काठी कवेत घेता येत नाही. बारीक तार किंवा जाळी द्या.

थंडीत उमललेली पहिली फुलं हिरवट निघाली तर औषध फवारत बसू नका. ऊन वाढलं की पुढची फुलं बहुधा रंगावर येतात. आणि छाटताना हातमोजे घाला, चिकानं कातडीची आग होते.